येथे व्हायोलिन शिकवून मिळेल

ज्याला संगीताची मनापासून आवड आहे त्याने बँकेत चिकटावं, किराणा दुकान टाकावं, काहीही करावं, पण संगीत शिकवू नये. बँकेतला माणूस संध्याकाळी घरी येऊन, पाय पसरून, निवांत मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो. मी संध्याकाळी पाच ते साडेआठ ‘ट्विंकल ट्विंकल’ ऐकतो. तेही सुरात नाही.

ही आवड लागली मडगावात. घरी आजोबा पेटीवर नाट्यपदं आळवायचे आणि रविवारी चर्चमधून व्हायोलिनं ऐकू यायची. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तिथून बाहेर पडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरून टाकले. मजोर्डा गाव आमच्याकडून सायकलच्या टप्प्यात. तिथले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, आणि शिष्याने 1977 साली गुरूचं नाव थेट सिनेमाच्या गाण्यात घातलं. मी ठाण्यात क्लास सुरू केला तेव्हा मलाही वाटायचं, एखादा विद्यार्थी आपलंही नाव काढेल. काढतात ना. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी काढतात.

पियानो आणि व्हायोलिन दोन्ही शिकवतो म्हटलं की लोकांना वाटतं, काम एकच आहे. पियानोचं बरं असतं. पट्टी दाबली की सूर येतो, मग दाबणारा कुणी का असेना. आमचं मांजर त्यावरून चालत गेलं तरी सुरात चालतं. व्हायोलिनला तारा चार आणि पडदे शून्य. बोट कुठे ठेवायचं याची खूण नाही, आणि केसभर सरकलं तरी गल्लीला कळतं. नव्या गजाला रोझिन (राळ) लावलं नसेल तर व्हायोलिनमधून जवळजवळ आवाजच येत नाही. काही मुलांच्या बाबतीत ते लावायला सांगायचं मी पहिले एकदोन तास लांबणीवर टाकतो.

मुलांचं मात्र मला कधी वाईट वाटत नाही. खरी परीक्षा पालक घेतात. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाने घ्यावं लागतं. अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण, असं करत करत मोठं पोरगं पूर्ण मापाला पोचतं. हे सगळं समजावून झाल्यावर एक आई म्हणाल्या, “सर, पूर्णच घेऊन टाकू. शाळेचा युनिफॉर्मही आम्ही वाढत्या अंगाचाच घेतो.” घेतलंही. पुढच्या आठवड्यात व्हायोलिनच्या मागून फक्त दोन डोळे आणि एक हेअरबँड क्लासला आला.

पियानोवाल्यांची तऱ्हा वेगळी. पियानोला पट्ट्या 88, पण घरी कीबोर्ड येतो 61 पट्ट्यांचा, आणि पोरं त्यातली बासष्टावी पट्टी सर्वांत आधी शिकतात. तिच्यावर ‘डेमो’ लिहिलेलं असतं. दिवाळीला जमलेले नातेवाईक मग फोन करून सांगतात, काय वाजवतो हो तुमचा विद्यार्थी, हात उचलले तरी गाणं चालूच!

आजोबा लोकांच्या अपेक्षा तर विचारू नका. एक गृहस्थ नातवाला सोडायला येत आणि तासभर समोर बसून राहत. एकदा म्हणाले, “प्रभाकर जोग वाजवायचे तेव्हा व्हायोलिनमधून शब्द ऐकू यायचे. याचे का येत नाहीत?”

याचेही येतात. चारचौघांत उच्चारण्यासारखे नसतात, एवढंच.

लंडनच्या बोर्डाच्या परीक्षा हा आणखी एक ताप. तिथे 150 पैकी 100 ला पास, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन. एका पोराला 104 पडले. मी खूश, पोरगा खूश, वडिलांनी मात्र तिथल्या तिथे मोबाईल काढून भागाकार केला. “एकोणसत्तर टक्के? शाळेत चौऱ्याण्णव आहेत त्याला.” स्केल, साईट रीडिंग, कानाची चाचणी सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “रिचेकिंग असतं का?”

आणि पावसाळा! माझा जुना अपराइट पियानो लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून हमालांनी जिन्याने वर चढवला होता. तेव्हाचे त्यांचे शब्दही अजून काहींच्या लक्षात आहेत. त्याच्या पोटात दोनशेच्या वर तारा, आणि लाकूड, नमदा, कातडं अशी दमट हवेला शरण जाणारी मंडळी. जूनमध्ये पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. यावर जुना इलाज म्हणजे आत खालच्या बाजूला एक पिवळा दिवा लावून ठेवायचा. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. गेल्या वर्षी मी गावाला गेलेलो असताना बायकोने काटकसर म्हणून तिथे एलईडी बसवला. परत आलो तेव्हा पियानोच्या आत लख्ख उजेड होता आणि मधल्या सप्तकातला एकही सूर उठत नव्हता. आता साठचा साधा दिवा मागितला की दुकानदार माझ्याकडे मी रॉकेलचा कंदील मागितल्यासारखा बघतो.

या सगळ्यातून एकाच माणसाची खरोखर प्रगती झाली. वरच्या मजल्यावरचे काका. रेल्वेतून निवृत्त, संगीताशी संबंध सकाळच्या भूपाळीपुरता. दुपारी दोन ते चार कुणीही वाद्य वाजवू नये, हा ठराव त्यांनीच मीटिंगमध्ये मंजूर करून घेतला, आणि त्याची नोटीस स्वतःच्या अक्षरात लिहून लिफ्टशेजारी लावली. मला बघितलं की मान फिरवायचे. परवा जिन्यात त्यांनीच थांबवलं.

“तो मंगळवारचा मुलगा आहे ना, त्याचं ए तारेवरचं दुसरं बोट खाली पडतंय. सांगा त्याला.”

मी बघतच राहिलो, कारण खरोखरच पडत होतं. सी शार्पच्या जागी सी लागत होता, आणि मी ते दोन महिने सांगत होतो. त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं, त्याला स्वतःला येत नव्हतं, आणि एक स्लॅब ओलांडून काकांना येत होतं.

“काका, तुम्हाला एवढं कळतं?”

“न कळून सांगतो कुणाला?” ते म्हणाले. मग जरा घुटमळले, इकडेतिकडे बघितलं. “माझ्या वयाच्या माणसाला घेता का हो क्लासला?”

घेतो म्हटलं. वेळ कोणती सोयीची पडेल ते विचारलं.

“दुपारी तीन ठेवा,” काका म्हणाले. “तेव्हा सोसायटीत अगदी शांतता असते.”