एक्स जाऊ दे, पण "ते आमचं काम नाही" हे आता पुरे करा

लिनक्सवर स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा म्हणजे एक्स, आणि तिच्या जागी आलेली नवी म्हणजे वेलँड. लिनक्सवाल्यांमधे वेलँडचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकीकडे "एक्स मेलंय, आता तरी सोडा" वाले आणि दुसरीकडे "माझं सगळं चालतंय ना, मग कशाला हात लावता" वाले. मी पहिल्या तटातला आहे आणि तरी माझा जास्त राग पहिल्या तटावरच आहे. का ते लिहितो, पोस्ट मोठी झालीये, सवडीने वाचा.

आधी एक्सबद्दल, कारण जुनं म्हणजे टाकाऊ एवढंच लोकांच्या डोक्यात असतं आणि ते खरं कारणच नाही. एक्स विंडो सिस्टीम 1984 ला एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनात सुरू झाली, 1987 ला तिची 11 वी आवृत्ती आली आणि आज आपण एक्स11 म्हणतो ते तेच. त्या काळची कल्पना अशी की प्रोग्रॅम नेटवर्कवर कुठेतरी दुसऱ्याच मशीनवर चालणार आणि रेघ काढ, वर्तुळ काढ, या फाँटमधे हा मजकूर लिही अशा ऑर्डरी तुमच्या समोरच्या मशीनवरच्या एक्स सर्व्हरला पाठवणार. फार हुशार डिझाइन होतं ते, उगाच नाही इतकी वर्षं टिकलं. पण आज असं कोण चित्र काढतं? खिडक्या-बटणं बनवायची जीटीके लायब्ररी असो की क्यूटी, प्रोग्रॅम स्वतःच सगळी खिडकी रंगवतो आणि तयार चित्र हातात देतो, ती चित्रं एकावर एक रचायचं काम कंपोझिटर करतो, आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन वगैरे सेट करायचं काम तर 2009 च्या सुमाराला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःकडे घेतलं. मग एक्स सर्व्हर उरला कशाला? मधल्या दलालासारखा, माल इकडून घ्यायचा नि तिकडे द्यायचा. वेलँडने एवढंच केलं की दलाल काढून टाकला आणि कंपोझिटरलाच सर्व्हर केलं.

आणि हे कुणी बाहेरच्याने येऊन केलं नाही हो. 2008 ला वेलँड सुरू करणारा क्रिस्टियन होग्सबर्ग स्वतः एक्सच्या ग्राफिक्सवर काम केलेला माणूस, पुढे त्यात आलेले बरेच जण पण एक्सचेच डेव्हलपर. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं त्या कोडमधे हात काळे केले तेच म्हणतायत की आता यात दम नाही. त्यांना "तुम्ही एक्स सांभाळत बसा" असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगमेहनतीवर आपली हौस. 2025 मधे एक्सलिब्र नावाचा फोर्क, म्हणजे एक्सच्याच कोडची वेगळी शाखा, निघाला, ज्यांना सांभाळायचंय त्यांनी खुशाल सांभाळावा, माझं काही म्हणणं नाही.

सिक्युरिटीचा मुद्दा समजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे एक्सआईज. तो दोन डोळ्यांचा गमतीचा प्रोग्रॅम, माउस जाईल तिकडे बघतो. गोड वाटतो, पण विचार करा, माउस दुसऱ्याच खिडकीवर असताना याला कसं कळतं? कारण एक्समधे कुणालाही सगळं कळतं. माउस सोडा, तुम्ही दुसऱ्या खिडकीत टाइप करताय तो पासवर्ड पण कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप ऐकू शकतो, अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढू शकतो, विचारायची गरजच नाही. वेलँडवर ते डोळे एक्सच्या जुन्या खिडक्यांवर माउस असला तरच हलतात, बाकी वेळ गप्प. एवढ्यासाठी तरी वेलँड हवंच. शिवाय एक मॉनिटर हायडीपीआय (दाट पिक्सेलचा) आणि एक साधा असं ज्याच्याकडे आहे त्याला एक्सने किती छळलंय ते मला सांगायला नको, मी पण त्यातलाच.

आता खरा राग.

दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू द्यायचं नाही हे बरोबर. पण स्क्रीन रीडरला, म्हणजे दृष्टिहीनांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, डोकावावंच लागतं. ऑनलाइन मीटिंगमधे स्क्रीन शेअर करायला कुणालातरी स्क्रीन वाचू द्यावीच लागते. बोलायचं बटण दाबून ठेवलं की माइक सुरू होणारी चॅट ॲप्स, मजकूर आपोआप टाइप करणारी टूल्स, रिमोट डेस्कटॉप, या सगळ्यांना तेच लागतं जे वेलँडने बंद केलं. यावर उत्तर काय असायला हवं होतं? वापरणाऱ्याला विचारा आणि परवानगी द्या. आणि वर्षानुवर्षं मिळालेलं उत्तर काय, तर "हे प्रोटोकॉलचं (म्हणजे वेलँडच्या सामाईक नियमांचं) काम नाही, कंपोझिटरचं आहे". मग ग्नोम डेस्कटॉपने आपलं काढलं, केडीई डेस्कटॉपने आपलं, डब्ल्यूएलरूट्स ही कंपोझिटर बनवायची लायब्ररी वापरणाऱ्यांनी तिसरंच. लेयर शेल (पॅनेल स्क्रीनच्या कडेला चिकटवायचा प्रोटोकॉल) वापरून कुणी छान पॅनेल बनवलं तर ते केडीईवर चालतं, ग्नोमवर नाही. एक्समधे एका टूलने जे सगळीकडे व्हायचं त्याला आता तीन तीन रस्ते.

आणि हे असं असतानाच लिनक्सच्या डिस्ट्रोंनी (तयार आवृत्त्यांनी) वेलँड लावायला सुरुवात केली, फेडोरा 25 ने 2016 लाच वेलँड डिफॉल्ट केलं. उबुंटूने 17.10 ला केलं, 18.04 ला परत एक्सवर आले आणि मग थेट 21.04 ला पुन्हा. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचा वेगळाच तमाशा, चित्र स्क्रीनपर्यंत न्यायला बाकी सगळे जीबीएम नावाची पद्धत वापरत होते आणि यांचं ईजीएलस्ट्रीम्सचं वेगळं घोडं, ते 2021 ला जरा सरळ झालं. त्यावर लिहायला बसलो तर दुसरी पोस्ट होईल, सोडा.

पण दुसऱ्या खिडकीत हात घालायच्या बंदीचा परिणाम बघा कसा होतो. आपोआप टाइप-क्लिक करणारं एक्सचं टूल एक्सडूटूल वेलँडच्या खिडक्यांवर चालत नाही म्हणून लोक वायडूटूल वापरतात. ते कीबोर्डचं सोंग थेट कर्नलच्या यूइनपुटमधून (खोटा कीबोर्ड बनवायची सोय) आणतं, त्यासाठी बहुतेक ठिकाणी रूटची, म्हणजे सर्वाधिकारी युजरची, परवानगी लागते आणि कंपोझिटरला पत्ताच नसतो की हे माणूस टाइप करतोय की प्रोग्रॅम. म्हणजे पुढचं दार बंद केल्यामुळे लोक भिंत फोडून आत येतायत आणि आपण म्हणतोय बघा किती सुरक्षित झालं.

आणि परवानगीचा मार्ग चालतो हे सिद्ध झालंय ना! पाइपवायर (चित्र-आवाज पोचवणारं) आणि पोर्टल (ॲपच्या वतीने परवानगी विचारणारी मधली यंत्रणा) आले तेव्हापासून स्क्रीन शेअर करताना एक डायलॉग येतो, कुठली खिडकी दाखवायची ते निवडा, झालं. एक्सपेक्षा कितीतरी चांगलं. ग्लोबल शॉर्टकटसाठी, म्हणजे कुठल्याही खिडकीत असलो तरी चालणाऱ्या कीबोर्ड-बटणांसाठी, पण पोर्टल निघालं, ग्नोमने ते 2025 मधे घेतलं. पहिल्या दिवसापासून हाच विचार असता तर निम्मी भांडणं झालीच नसती. दृष्टिहीन वापरकर्त्यांना तर कीबोर्डवरची आपली रोजची बटणं नीट चालावीत म्हणून इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ते "जुन्याला चिकटून बसलेले" नव्हते, त्यांना कॉम्प्युटर वापरायचा होता.

खिडकीच्या जागेचं तर अजून रडगाणं आहे. प्रोग्रॅमने स्वतःची खिडकी कुठे ठेवायची हे वेलँडमधे त्याला सांगता येत नाही. कारण पटण्यासारखं आहे, जागा ठरवायचा हक्क वापरणाऱ्याचा आणि कंपोझिटरचा. पण पाच खिडक्यांचं एखादं मोजमापाचं सॉफ्टवेअर घ्या, ज्यात प्रत्येक आलेख ठरल्या जागी हवा असतो, त्याने काय करायचं? यावर चर्चा, प्रस्ताव, परत चर्चा. प्रोग्रॅमला आपल्या खिडकीचा आयकॉन बदलता यावा एवढ्याशा गोष्टीचा प्रोटोकॉल यायला 2024 उजाडलं, तर हे कधी होणार.

इकडे मात्र गाडी थांबत नाहीये. रेड हॅट कंपनीच्या आरएचईएल 10 मधून झॉर्ग, म्हणजे एक्सचा सर्व्हर, गेला, जुन्या ॲप्ससाठी फक्त एक्सवेलँड (वेलँडवर एक्सची ॲप्स चालवणारं) ठेवलं. ग्नोम 49 ने एक्स सेशन डिफॉल्टमधे बंद केलं, उबुंटू 25.10 मधे ग्नोमचं एक्स सेशन नाही, केडीईने आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या 6.8 आवृत्तीपासून फक्त वेलँड असं जाहीर करून टाकलंय. करा, माझी ना नाही, मी स्वतः वेलँडवरच आहे आणि परत जाणार नाही. फक्त कुणी "माझं अमुक बंद पडलं" म्हणून बग टाकला की त्याला एक्सप्रेमी ठरवून बग बंद करू नका, आधी त्याला काय करायचं होतं ते तरी विचारा.