बाजारात तुरी

माझा पीएचडीचा आराखडा काल तिसऱ्यांदा परत आला. पहिल्या पानावर पेन्सिलीने शेरा : ‘विषय व्यापक. व्याप्ती कमी करावी.’ मागच्या खेपेला ह्याच समितीने ह्याच विषयाची व्याप्ती अपुरी ठरवली होती. दुसरं पान कुणी उलटलेलंच नव्हतं. स्पायरल कशी कोरी करकरीत!

विषय साधा आहे. गावात पिठाची गिरणी आली, जातं परसात उपडं पडलं. मग जात्यावरच्या ओव्या गेल्या कुठे? हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. त्यामुळे ‘ह्यावर काम झालंय की’ ह्याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. विचारलं भलतंच. ‘‘अपेक्षित निष्कर्ष?’’ म्हटलं, सर, अजून शोधायचंय. आमटीत झुरळ निघाल्यासारखे चौघे माझ्याकडे बघत राहिले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, आणि तेही पाच प्रतींत!

नव्या प्रतींसाठी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले. काकांनी पेनड्राइव्ह लावला आणि शीर्षक मोठ्याने वाचलं. मागे आधार कार्डवाले चार जण उभे.

‘‘मॅडम, ‘एक चिकित्सक अभ्यास’ कुठंय?’’

‘‘नाही घातलं.’’

‘‘मग परत येणारच. आणि कंसात ‘विशेष संदर्भ : मुळशी तालुका’ टाका. विषय मोठाही राहतो, लहानही होतो.’’

सव्वा वर्षात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकांनीही नाही. ते ‘बघू’ म्हणतात.

काका आता रंगात आले होते. ‘‘गृहीतकृत्यं पाच कशाला? तीन करा. पाच लिहिलीत तर पाच सिद्ध करावी लागतील, तुम्हालाच.’’ मग संदर्भसूचीवर आले. ‘‘ही पुस्तकं सगळी वाचली?’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ म्हणाले. आधार कार्डवाल्यांतला एक हसला. त्याला काय कळलं, देव जाणे.

मंजूर झालेले आराखडे ‘शोधगंगोत्री’ ह्या वेबसाइटवर चढवतात, पुरे झालेले प्रबंध ‘शोधगंगे’वर. नावं ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. फक्त माझं पाणी गंगोत्रीच्याही अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानात तुंबलंय. नियमाने पीएचडीला जास्तीत जास्त 6 वर्षं. त्यातलं सव्वा वर्ष शीर्षकात गेलं. तिकडे ज्या आजींच्या ओव्या टिपायच्यात त्या एकाहत्तराव्या वर्षी दर फोनला विचारतात, ‘‘कवा येतीस गं?’’ त्यांना काय सांगू, की व्याप्ती कमी होतेय?

शेवटी काकांनीच टाइप केलं, पाच प्रती काढल्या, स्पायरल मारली. दोनशे चाळीस रुपये. ‘‘सल्ल्याचे नाही लावले,’’ म्हणाले. मी मुकाट्याने दिले, वर ‘थँक्यू काका’सुद्धा म्हटलं.

रिक्षात बसल्यावर वरची प्रत उघडली. ‘एक चिकिस्तक अभ्यास’. पाचही प्रतींवर, ठळक अक्षरात.

रिक्षा वळवून परत गेले. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘‘जाऊ द्या हो मॅडम, पहिलं पान कोण वाचतं?’’

तेवढंच वाचतात हो, काका.