जेनी लिंडला बार्नमने घडवलं नाही

स्वीडनची सोप्रानो (म्हणजे उंच पट्टीत गाणारी) गायिका जेनी लिंड हिच्याबद्दल एक गोष्ट सर्रास फिरते. पी. टी. बार्नम या अमेरिकी खेळ-तमाशेवाल्यावरचा हॉलिवूडपट २०१७ साली आला, तेव्हापासून तर लोक ती इतिहास म्हणूनच सांगतात. गोष्ट अशी: सर्कसवाल्या बार्नमने या अनोळखी मुलीला हेरलं, अमेरिकेत आणून जगप्रसिद्ध केलं. ती त्याच्या प्रेमात पडली. त्याने नाकारल्यावर भर रंगमंचावर त्याचं चुंबन घेऊन ती दौरा टाकून निघून गेली आणि पुढे विस्मरणात गेली.

मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. एका बाईने वीस वर्षं घासून तयार केलेला गळा यात एका पुरुषाच्या खाती जमा होतो.

आधी 'हेरलं' हा शब्द घेऊ. जेनीचा जन्म १८२० साली स्टॉकहोममध्ये झाला, तेव्हा आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. सिनेमातली तेवढी गोष्ट खरी. नऊ वर्षांची असताना ती खिडकीत बसून मांजरीला गाणी म्हणून दाखवायची. रॉयल थिएटरच्या एका नर्तकीच्या मोलकरणीने जाता-येता तो आवाज ऐकला, मालकिणीला सांगितलं आणि पोरगी थिएटरच्या शाळेत दाखल झाली. तिला कुणी हेरलं असेलच, तर त्या मोलकरणीने. ७ मार्च १८३८ रोजी जर्मन संगीतकार वेबरच्या ऑपेरात ती आगाथे या नायिकेच्या भूमिकेत उभी राहिली. १८४० मध्ये ती राजगायिका झाली.

आणि १८४१ मध्ये तिचा आवाज गेला. वीस वर्षांची मुलगी, अतिश्रमाने गळा खरखरीत झालेला, पॅरिसला मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाकडे पोचली. त्याने शिकवायलाच नकार दिला. सहा आठवडे गायचं नाही, बोलायचंही शक्यतो नाही, मग ये, म्हणाला. ती गप्प राहिली आणि पुन्हा त्याच्याकडे गेली. मग पहिल्यापासून सुरुवात: आरोह, अवरोह, अगदी संथ, एकेक सूर सांभाळत. राजगायिकेने पुन्हा पहिल्या धड्यावर बसायचं! गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा, यासाठी किती धीर लागतो. पुढे युरोपने ऐकलेला आवाज त्या महिन्यांत बांधला गेला.

आता 'अनोळखी'. बर्लिन आणि व्हिएन्ना तिने आधीच जिंकलं होतं. ४ मे १८४७ रोजी ती लंडनमध्ये पहिल्यांदा गायली, तेव्हा राणी व्हिक्टोरिया समोर होती. त्याच जुलैत इटालियन संगीतकार वर्दीने लंडनसाठी रचलेल्या ऑपेराची नायिका तिने साकारली आणि वाद्यवृंद स्वतः वर्दीने चालवला. संगीतकार मेंडेल्सोनने 'एलिजा' या धार्मिक संगीतरचनेतला सोप्रानोचा भाग तिचा आवाज मनात धरून लिहिला. १८४९ च्या मे महिन्यात, अवघ्या २८ व्या वर्षी, तिने ऑपेराचा रंगमंच सोडलासुद्धा. बार्नमचा करार झाला जानेवारी १८५० मध्ये.

त्या करारातले आकडेच बोलके आहेत. एका मैफलीला १,००० डॉलर, जास्तीत जास्त १५० मैफली, खर्च वेगळा आणि १,८७,५०० डॉलर लंडनच्या बँकेत आगाऊ. बार्नमने तिचं गाणं तोवर एकदाही ऐकलेलं नव्हतं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. म्हणजे त्याने विकत घेतली ती तयार कीर्ती. सर्कसही तेव्हा त्याची नव्हती, ती जवळपास वीस वर्षांनंतरची. १८५० मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये संग्रहालय चालवत होता.

अमेरिकेतल्या सामान्य माणसापर्यंत तिचं नाव त्याने पोचवलं, हे मात्र मान्य करायलाच हवं. करारानंतर आगगाडीतल्या एका कंडक्टरने त्याला विचारलं होतं, ही नर्तकी आहे का? सप्टेंबरमध्ये पहिल्या मैफलीचं पहिलं तिकीट लिलावात २२५ डॉलरला गेलं, एका टोपीवाल्याने घेतलं. जाहिरातीत बार्नमचा हात कुणी धरला नसता. पण न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन सभागृहात त्या रात्री 'कास्ता दिवा' हे ऑपेरातलं अवघड गाणं गायचं होतं, ते तिला.

प्रेम आणि चुंबन? बार्नमने या दौऱ्याबद्दल भरपूर लिहिलंय, त्यात असं काही नाही. त्याच्या जाहिरातबाजीला ती कंटाळली होती. करारात बाहेर पडायची सोय होती. नव्वदहून अधिक मैफली झाल्यावर, जून १८५१ मध्ये, ठरलेली रक्कम भरून ती बाजूला झाली. दौरा संपलाही नाही. पुढचं जवळपास वर्षभर ती अमेरिकेत स्वतःच्या व्यवस्थापनाखाली गात राहिली. लग्न केलं ते पियानोवादक ओटो गोल्डश्मिटशी, फेब्रुवारी १८५२ मध्ये, बॉस्टनला. कमाईचा मोठा वाटा दानात गेला, त्यात स्वीडनमधल्या गरीब मुलांच्या शाळा होत्या.

उरलं 'विस्मरण'. १८७६ मध्ये लंडनला बाखचा बी मायनर मास, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेची मोठी संगीतरचना, इंग्लंडमध्ये पहिल्यांदा संपूर्ण गायला गेला, तेव्हा गोल्डश्मिट संचालक होता आणि सोप्रानोंच्या रांगेचं नेतृत्व जेनी करत होती. १८८३ पासून ती रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गायन शिकवायची. १८८७ मध्ये ती गेली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये संगीतकार हेन्डलच्या पुतळ्याखाली तिचा स्मृतिफलक आहे आणि १९९६ मध्ये स्वीडनने ५० क्रोनांची नवी नोट काढली, तिच्यावर चेहरा जेनी लिंडचा होता.