एनसीसीच्या टीममध्ये पोरगं गेलं म्हणजे दहावी गेली?

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि आठवीच्या वर्गात एनसीसीच्या निवडीची सूचना फिरली, की जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: फायरिंग, ऑब्स्टॅकल (अडथळे पार करणं), ड्रिल असल्या टीममध्ये पोराला घातलं की दहावी हातची गेली. सही घेतात तो फॉर्म म्हणजे बाँड, उद्या लढाई पेटली तर हीच पोरं आधी. तेरा-चौदा वर्षांच्या लेकराच्या हातात बंदूक देतात. मुलींना तर पाठवूच नका. आणि एवढं करून शाळेतल्या एनसीसीचं जे ‘ए’ सर्टिफिकेट मिळतं, त्याला कुणी विचारत नाही.

शाळेत एनसीसीचं काम बघणाऱ्या माणसाला हा मेसेज दरवर्षी दहा जण पाठवतात. तेव्हा एकदाच उत्तर लिहून ठेवतो.

दहावीचं आधी. शाळेतली एनसीसी, म्हणजे ज्युनिअर डिव्हिजन, दोन वर्षांची असते. आपल्याकडे आठवीत भरती होते आणि नववी सरता सरता ‘ए’ची परीक्षा. दहावीचं पोरगं परेडच्या मैदानावर नसतंच, तर त्याची दहावी परेडनं कशी बुडेल? ‘ए’च्या परीक्षेला बसायला ७५ टक्के परेड आणि एक शिबिर लागतं. शिबिर साधारण दहा दिवसांचं. एवढ्यानं कुणी नापास झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मात्र मेसेजवाल्याच्या म्हणण्यात एक कण खरा आहे, तो नाकारत नाही. दिल्लीच्या थल सैनिक कॅम्पच्या, म्हणजे एनसीसीच्या देशपातळीवरच्या स्पर्धा-शिबिराच्या टीमसाठी पोरगं निवडलं गेलं, तर चाळणीची शिबिरं एकामागोमाग लागतात आणि नववीचे वर्ग बुडतात. तिथवर शाळेतली एक-दोन पोरं पोहोचली तरी डोक्यावरून पाणी. त्यांच्यासाठी वर्गशिक्षकाशी आधी बोलून ठेवावं लागतं. पण दोघांची अडचण दाखवून उरलेल्या सगळ्यांना घरी बसवायचं, हा कुठला हिशेब?

आणि टीममध्ये पोरं नुसती उन्हात पाय आपटतात असंही नाही. मॅप रीडिंगच्या टीमचं पोरगं नकाशावर एखाद्या जागेचा सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे तिचा पत्ता काढतं, प्रिझमॅटिक कंपासवर बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन घेतं, कंपासची उत्तर दिशा आणि नकाशाच्या रेघांची उत्तर दिशा यांतला फरक बेरीज-वजाबाकीनं मिटवतं. अंतराचा अंदाज हा त्याहून मजेदार प्रकार. कपाशीच्या बांधावर पोरांना उभं करायचं आणि पलीकडचं लिंबाचं झाड किती मीटरवर ते विचारायचं. शंभर मीटरचा एक टप्पा डोळ्यात बसवायचा आणि तो पुढे पुढे टाकत न्यायचा. पहिल्या दिवशी दोनशेपासून सहाशेपर्यंत काहीही उत्तरं येतात. मग समजावायचं, की सूर्य पाठीशी असला की झाड जवळ भासतं, मध्ये दिसेनासा खोलगट नाला असला तरी जवळच भासतं. पंधरा दिवसांनी तीच पोरं पन्नास मीटरच्या आत येतात. गणिताला घाबरणारी पोरं इथं घाबरत नाहीत, हे मी वर्गातही सांगतो आणि वर्गात कुणी ऐकत नाही.

आता बाँड. १९४८च्या एनसीसी कायद्यातच म्हटलंय, की कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं कसलंही बंधन येत नाही. फॉर्मवरची पालकाची सही ही संमतीची. ही भीती मला वाटतं आजोबांकडून आलेली असावी. चीनच्या युद्धानंतर १९६३मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती, १९६८मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. १९६५ आणि १९७१च्या लढायांत कॅडेटनी नागरी संरक्षणाचं काम केलं, आयुध कारखान्यांना हातभार लावला. त्या पिढीनं जे पाहिलं त्याच्या गोष्टी घरात राहिल्या, आणि गोष्टीचा बाँड झाला.

बंदुकीबद्दल तर एका आबांनी मला गेटवरच गाठलं होतं: “आम्हना पोऱ्याले बंदूक देतस का मास्तर?” देतात आबा, पण कशी देतात ते ऐका. परेडला जी रायफल दिसते ती डीपी, म्हणजे फक्त कवायतीची. तिच्यातून गोळी सुटतच नाही. फायरिंग होतं ते पॉइंट टू-टू रायफलनं, रेंजवर, बटालियनच्या पीआय स्टाफच्या, म्हणजे लष्कराकडून आलेल्या प्रशिक्षकांच्या डोळ्यांसमोर. पोरगं पालथं झोपतं, शेजारी उस्ताद बसलेला असतो, हुकमाशिवाय बोटसुद्धा ट्रिगरवर जात नाही. पाच राउंड झाले की रायफल उघडी करून तपासतात. नंतर पुंगळ्या, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी नळकांडी मोजायची. दिलेल्या गोळ्या आणि सापडलेल्या पुंगळ्या जुळेपर्यंत रेंजवरून कुणी हलत नाही. एक पुंगळी गवतात हरवली तर अख्खी टीम ओणवी होऊन शोधते, साहेबसुद्धा. ज्या जिल्ह्यात वरणगावला गोळ्यांचाच कारखाना आहे आणि शेजारच्या घरातला माणूस तिथं कामाला जातो, त्या जिल्ह्यात ही भीती पसरावी याची गंमत वाटते.

सर्टिफिकेटला किंमत नाही म्हणे. नुसत्या ‘ए’वर नोकरी लागत नाही, हे खरं, आणि पहाटे रस्त्यावर पोरांना पळायला लावणारी एखादी भरतीची अकॅडमी ‘ए असलं की भरती पक्की’ म्हणत असेल तर तेही खोटं. अग्निवीर भरतीत ‘ए’ला थोडे बोनस गुण मिळतात. राज्य मंडळाच्या सवलतीच्या गुणांत खेळाडूंबरोबर एनसीसीचाही विचार होतो, पण प्रस्ताव शाळेनं वेळेत पाठवला तर. मोठा फायदा पुढे, कॉलेजात ‘बी’ आणि ‘सी’ केल्यावर. ‘सी’ला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले, तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची, म्हणजे अधिकारी भरतीची लेखी परीक्षा न देता एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीला अर्ज करता येतो. क्लास लावून लेखीची तयारी करणाऱ्या घरांनी हे वाक्य परत वाचावं.

राहता राहिल्या मुली. एनसीसीत मुलींचा विभाग १९४९पासून आहे. शाळेत त्याला ज्युनिअर विंग म्हणतात, आणि थल सैनिक कॅम्पला मुलींच्या टीम फायरिंगलाही उतरतात, ऑब्स्टॅकललाही. तेव्हा ‘मुलींचं काम नाही’ हा मुद्दा दोन ओळींतच संपतो. अडचण आहे ती मेसेजमध्ये लिहिलेलीच नाही. साक्री, शहादा, तळोद्याकडच्या खेड्यातली पोरगी पाच वाजता शाळा सुटल्यावर प्रॅक्टिसला थांबली, तर तिची एसटी जाते, आणि पुढची कधी येईल ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. कपडे बदलायला खोली नाही, तीही एक गोष्ट. शिवाय बऱ्याच शाळांत एनसीसीच मंजूर नाही. आहे तिथं जागा ठरलेल्या, आणि प्रशिक्षण घेतलेला शिक्षक बदलून गेला की युनिट केअरटेकरवर, म्हणजे प्रशिक्षण न घेतलेल्या काळजीवाहू शिक्षकावर चालतं.

पालकसभेत विचारायचे प्रश्न हे आहेत. जागा किती, अधिकारी शिक्षक नेमलेले आहेत का, मुलींसोबत शिबिराला शिक्षिका कोण जाणार, प्रॅक्टिस सकाळी ठेवता येईल का. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर ती सकाळी सातला घेतो, ऊनही टळतं आणि सकाळची एसटी भरून पोरी वेळेत येतात.