स्वतः उचललेला वधस्तंभ

गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एका प्रकारचा उपदेश फार लोकप्रिय झाला आहे. विश्वास ठेवा, म्हणजे आजार जाईल, नोकरी लागेल, व्हिसा मिळेल, अडलेले घर मार्गी लागेल. देव आपल्या लेकरांची काळजी वाहतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि आजाऱ्यांसाठी मीही रोज प्रार्थना करते. परंतु कष्टावाचून आणि शिस्तीवाचून ख्रिस्ती जीवन जगता येते असा जो समज या उपदेशातून रुजतो आहे, तो मला शुभवर्तमानाच्या विरोधात जाणारा वाटतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशूने आपल्यामागे येणाऱ्याला दररोज वधस्तंभ, म्हणजे क्रूस, उचलून घ्यायला सांगितले आहे. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला देतो, आणि त्या वाचकांना तो समजावून सांगावा लागला नसेल, कारण त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ, म्हणजे ग्रीकांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा, भरत असत. नाशवंत मुकुटासाठी खेळाडू सगळ्या बाबतींत संयम पाळतात, मग आपण किती पाळावा, असा त्याचा रोख आहे. आणि हे लिहिणारा माणूस त्याच शहरात तंबू शिवून स्वतःचे पोट भरत होता.

कृपेने तारण झाले असताना हा खटाटोप कशासाठी, असे तरुण मंडळी विचारतात आणि तो प्रश्न योग्यच आहे. पहाटे उठून बायबलमधले वचन वाचल्याने देव आपल्यावर अधिक प्रेम करू लागत नाही. मात्र ज्याचे मन दिवसभर मोबाईलच्या स्वाधीन असते, त्याला ते प्रेम जाणवण्याइतकी उसंतच उरत नाही. आमच्या मंडळीत एक परिचारिका आहेत. शनिवारी रात्रपाळी असली की रविवारी त्या गणवेशावर स्वेटर चढवून थेट सकाळच्या उपासनेला येतात आणि उपदेश सुरू झाला की शेवटच्या बाकामागे उभ्या राहतात, कारण बसले तर डोळा लागेल. त्यांच्याकडे पाहिले की कृपा आणि शिस्त यांचे भांडण मला तरी कुठे दिसत नाही.

या विषयावर बोलताना पुणेकर ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाईंना ओलांडून पुढे जाता येणार नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रेच्या वाटेवर त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. पुढे विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. हे दुःख त्यांनी निवडलेले नव्हते. परंतु त्यानंतरचे कष्ट त्यांनी समजून उमजून पत्करले. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात आणले. दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली आणि बायका पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात, आणल्या. आणि ऐकू कमी येऊ लागल्यावरही हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातल्या बायकाच छपाईचे खिळे जुळवीत. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरीही रमाबाईंनी ते काम सोडले नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले.

ज्या बाईने स्वतःसाठी इतके कठीण आयुष्य स्वीकारले, तिने दुसऱ्या स्त्रियांवर लादलेले दुःख मात्र कधी पवित्र मानले नाही. केशवपन, उपासमार, घरातला छळ यांतून त्यांना सोडवण्यातच तिचा जन्म गेला. हा भेद आपल्या मंडळ्यांमध्ये अनेकदा पुसला जातो, म्हणून मुद्दाम सांगते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, हा तुझा वधस्तंभ आहे’ असे सांगणे हा वचनाचा सरळसरळ गैरवापर आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. दुःखाची हौस त्यालाही नव्हती. वधस्तंभ ज्याचा त्याने उचलायचा असतो, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा नसतो. उलट त्या स्त्रीच्या बाजूने उभे राहणे, तिच्याबरोबर पोलीस चौकीत जाणे, त्यापायी नातेवाइकांचा रोष ओढवून घेणे, हाच त्या वेळी मंडळीने उचलायचा वधस्तंभ असतो आणि तो पुष्कळ जड असतो.

म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळाविषयी पाळकांना आणि वडीलमंडळींना माझी एक विनंती आहे. चाळीस दिवस मटण बंद एवढ्यावर हा काळ संपवू नये. आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडावे, त्याचे पैसे घरातल्या मुलांदेखत एका डब्यात टाकावेत आणि ससून रुग्णालयाच्या आवारात रात्र काढणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्यातून जेवण न्यावे. डबे पोहोचवायचे काम मात्र भाड्याच्या माणसावर सोपवू नये. कामावरून दमून आल्यावर, आपल्याला घरी जाऊन आडवे व्हावेसे वाटत असताना, ते आपणच करावे.