"नकाशात चौरस हाये, मंग दगडच चुकला असन"

आज दुपारी आपल्या तालुक्यातल्या एका जुन्या समाधीच्या छत्रीवर दगड कापायचा कटर चालताना पाहिला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाचा.

नाल्याकाठची छत्री. चार दगडी खांब, वर चुन्यात बांधलेला विटांचा घुमट, खाली काळ्या पाषाणाचा चौथरा. गाव तिला नुसतं 'समाधी' म्हणतं. तिच्या सुशोभीकरणाला पैसे मंजूर झाले. म्हणजे चौथऱ्याला लाल दगडाची नवी कड, वर चकचकीत फरशी आणि घुमटाला ऑइल पेंट. कामाच्या कागदांना एक नकाशा जोडलेला आहे. त्यात चौथरा ४.२५ बाय ४.२५ मीटर, नेमका चौरस. प्रत्यक्षात टेप लावला तर चार बाजू भरतात ४.२६, ४.३१, ४.२४ आणि ४.३०. एक कर्ण ६.१२, दुसरा ५.९८. चौदा सेंटीमीटरचा फरक! चौथरा काटकोनात नाहीच, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे तो किंचित ओढलेला आहे. लाल दगड मात्र नकाशाबरहुकूम काटकोनात कापून आला. एका कोपऱ्यात जुळवला की दुसऱ्या टोकाला जुना दगड जवळपास १० सेंटीमीटर बाहेर. मग बाहेर आलेलं कापायचं. पूर्वेकडचा २.६ मीटर कंगोरा, म्हणजे चौथऱ्याच्या कडेची बाहेर आलेली घडीव पट्टी, असाच गेला.

मिस्त्रीला विचारलं तर तो अगदी सरळ मनानं म्हणाला, "नकाशात चौरस हाये भाऊ, मंग दगडच चुकला असन."

या वाक्यात त्याचा काही दोष नाही. त्याला कागद दिला, त्यानं कागद पाळला. राग आहे तो कागद काढणाऱ्यावर. चार बाजू मोजल्या म्हणजे चौकोन मोजला असं होत नाही, हे शाळेतल्या भूमितीत आहे. चार काड्यांची चौकट करा आणि एक कोपरा दाबा, बाजू तेवढ्याच राहतात, आकार बदलतो. आकार पक्का होतो कर्णानं. दोन्ही कर्ण घ्यायला तीन माणसांना पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवली आणि जो दगड कुणीतरी टाकीनं दिवसेंदिवस घडवला होता तो अर्ध्या तासात भुकटी झाला.

कापला गेलेला कंगोरा कसा होता तेही नोंदवून ठेवतो, कारण आता पूर्वेच्या निम्म्याहून जास्त भागात तो नाही. वर ३० मिलिमीटरची सपाट पट्टी, तिच्याखाली ५५ मिलिमीटरचा गोलवा, खाली पुन्हा २५ ची बारीक पट्टी. एकूण ११० मिलिमीटर उंच आणि भिंतीच्या अंगापासून सुमारे ४० बाहेर. गोलव्यावर टाकीचे तिरके घाव, सगळे उजवीकडून डावीकडे उतरणारे. पश्चिमेच्या बाजूचे घाव उभे आहेत. म्हणजे दोन कारागिरांचे हात, नाहीतर दोन वेळचं काम. कदाचित चौथरा आधी लहान होता आणि नंतर वाढवला, म्हणूनच तो कलता झाला. 'कदाचित' म्हणतो, कारण आता पूर्वेचा पुरावाच कापून नाल्यात टाकलाय.

लोक म्हणतात, "काहून एवढं मोजता दादा, फोटो काढा ना!" फोटो काढाच, शेकड्यानं काढा. पण फोटोत जवळचा खांब जाड दिसतो आणि लांबचा बारीक. त्यावरून दगड कापता येत नाही. मोजून काढलेल्या नकाशात तळाचा आराखडा असतो, चारही बाजूंची दर्शनी चित्रं असतात, आणि मधोमध उभा काप असतो. काप म्हणजे समाधी सुरीनं दोन तुकडे केल्यासारखी कापून आतलं दाखवायचं. घुमट आतून किती उंच, बाहेरून किती, मधली जाडी कुठे किती. जे दिसत नाही ते ठळक रेषेनं काढायचं नाही. पायाची खोली खणल्याशिवाय कळत नाही, तर ती तुटक रेषेनं दाखवायची किंवा सोडून द्यायची. त्या चौरस नकाशात पायासुद्धा ठळक काढलाय! कुणी खणला होता?

पद्धत अवघड नाही. तीन माणसं लागतात: एक शून्याच्या टोकाला, एक आकडा वाचणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, कारण 'पंचवीस' आणि 'पस्तीस' वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. टेप पोलादी घ्यायचा. कापडी टेप ताणतो, जुना फायबरचाही. उन्हाची भीती काही जण उगाच घालतात. उन्हाळ्यात ४५ अंशांत पोलादी टेप लांबतो हे खरं, पण ३० मीटरला जेमतेम ८-९ मिलिमीटर, चार मीटरच्या चौथऱ्याला एखादा. खरी चूक होते ती तुकड्या-तुकड्यानं मोजण्यात. खांब, मग मोकळी जागा, मग खांब, असं प्रत्येक वेळी टेप उचलून मोजलं की दर खेपेला दोन-तीन मिलिमीटर सुटतात आणि शेवटी बेरीज जुळत नाही. शून्य एका कोपऱ्यावर धरायचं आणि टेप न उचलता सगळे आकडे ओळीनं वाचत जायचं.

उंचीसाठी जमिनीचा भरवसा धरायचा नाही. आपल्याकडची जमीन कधी सपाट असते? पारदर्शक नळीत पाणी भरून चारही खांबांवर एकाच पातळीची खूण घ्यायची आणि तिथून वर-खाली मोजायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळी पातळी खोटी, म्हणून आधी नळी झटकून घ्यायची. आणि ती खूण गेरूच्या सुतानं दगडावर मारायची नाही, खडबडीत पाषाणातून गेरू निघत नाही. चिकटपट्टीही चुन्याच्या गिलाव्यावर लावू नका, निघताना पापुद्रा घेऊन येते. दोरा बांधायचा, बस.

घुमट हा सगळ्यांचा घोटाळा. कंपासनं अर्धगोल काढला की झालं, असं वाटतं. पण जुना घुमट शंभरात एखादाच नेमका अर्धगोल असेल. आतून मध्यातून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडायचा आणि दर २० सेंटीमीटर उंचीवर दोरीपासून आतल्या अंगापर्यंत आडवं अंतर घ्यायचं, काठी आडवी राहावी म्हणून तिला पाणसळ (बुडबुड्याची पातळीपट्टी) लावून. ते आकडे कागदावर मांडले की घुमट स्वतःच आपला आकार सांगतो: कुठे फुगला, कुठे बसला, माथा मध्यात आहे की सरकलाय. लेझर मीटरनं काम लवकर होतं, पण भर दुपारी काळ्या दगडावर लाल ठिपका दिसत नाही. समोर पांढरा पुठ्ठा धरावा लागतो आणि मग पुठ्ठ्याची जाडी वजा करायची विसरतात.

प्रमाणाचंही तसंच. पूर्ण समाधीला १:५० चालतं, म्हणजे कागदावरचा एक जागेवरचे पन्नास, पण त्यात पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवरचे साडेबारा मिलिमीटर. दगडाचा सांधा त्या रेघेतच गडप होतो. म्हणून दर्शनी बाजू १:२० वर, आणि कंगोरा-खांबाचं डोकं १:५ वर किंवा सरळ होतं तेवढं. कंगोऱ्याचा छेद, म्हणजे तो आडवा कापल्यावर दिसेल तो आकार, घ्यायला काड्यांचा मापी कंगवा मिळतो. नसेल तर मऊ सोल्डरची तार दाबून घ्यायची आणि कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, पाच रुपयांचं काम. नकाशावर मोजपट्टी काढायचीच, नुसतं '१:५०' लिहून भागत नाही, कारण झेरॉक्स काढली किंवा व्हॉट्सॅपवर टाकला की प्रमाण मेलं. उत्तर दिशा, तारीख, मोजणाऱ्यांची नावं. त्या चौरस नकाशावर यातलं एकही नाही. तारीखसुद्धा नाही.

बरं, मान्य आहे, आता ड्रोन आलाय, मोबाइलवर शे-दोनशे एकमेकांवर चढणारे फोटो काढून संगणकात त्रिमिती आकार उभा राहतो, आणि तो आमच्या टेपपेक्षा पुष्कळदा बारीक असतो. कुठेतरी एक मोजलेलं अंतर घालावं लागतं, नाहीतर तो सुंदर दिसतो पण मापात खोटा असतो. आणि संगणकाला भेग कुठली आणि सांधा कुठला ते कळत नाही. ते हातानं दगड चाचपणाऱ्यालाच कळतं.

भेगांवरून आठवलं. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात फाटते. तिच्यावर बसलेला चौथरा दरवर्षी थोडा वर-खाली होतो. म्हणून भेग काढायची ती जाडीसकट आणि तारखेसकट, एकदा उन्हाळ्यात, एकदा पोळ्यानंतर. दोन्ही वेळा सारखी असेल तर भेग जुनी आणि शांत आहे. उन्हाळ्यात उघडून पावसात मिटत असेल तर खाली माती हलतेय, आणि वरून सिमेंट भरून उपयोग नाही, उलट चुन्याच्या बाजूचा नरम दगड किंवा वीटच फुटते. सिमेंट ओल आत कोंडून धरतं, चुना बाहेर सोडतो. ऑइल पेंटही तसाच. घुमटाला रंग दिल्यावर दोन पावसाळ्यांत पोपडे येतात ते याच कोंडलेल्या ओलीनं, आणि पोपड्याबरोबर मूळ गिलावाही येतो.

हे एका छत्रीचं दुखणं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या विदर्भात काय कमी आहे? सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी आहे, १६२९ साली देवगिरीला दगा होऊन मारले गेले त्यांची. चंद्रपुरात गोंड राणी हिराईनं नवरा बीरशहासाठी बांधलेली समाधी आहे. बाळापूरला मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री आहे. ही मोठी नावं, त्यांच्यावर निदान संरक्षित स्मारकाची पाटी लागलेली असते. नागपूरजवळ जुनापाणीला तर लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, दगडांची रिंगणं रचलेली दफनं. घुमट नाही, खांब नाही, नुसते गोलात मांडलेले धोंडे. तिथे एक धोंडा सरकला की आराखडाच सरकला. अशी वर्तुळं पूर्व विदर्भात कितीतरी वावरांत आहेत आणि धोंडे धुऱ्यावर टाकायला सोयीचे असतात. शेतकऱ्याला काय दोष द्यायचा, त्याला औत चालवायचं असतं. पण उचलण्याआधी कुणी एक दोरी लावून व्यास तरी मोजला असता!

पुरातत्त्व खात्यातल्या हेन्री कझन्सनं १८९७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जुन्या अवशेषांची यादी छापली. मोठं काम. पण यादीतून 'इथे छत्री आहे' एवढं कळतं, तिचा कर्ण किती ते नाही. इंग्रजांच्या थडग्यांचंही तेच, लेख उतरवले गेले, नावं-तारखा जपल्या गेल्या, पण ज्या दगडावर तो लेख आहे त्याचा छेद क्वचितच कुणी काढला. आणि गावातल्या बिननावाच्या समाधीचा तर ना लेख, ना यादी. तिचा पहिला नकाशा निघतो तो तिला फरशी लावायच्या अंदाजपत्रकात. तोही दुसऱ्या कुठल्या तरी छत्रीवरून उचललेला. हो, उचललेलाच म्हणतो. त्या नकाशात सहा खांबांची सावली खोडल्यासारखी दिसते आणि आपल्या छत्रीला खांब चार आहेत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. गावकऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. त्यांना समाधी स्वच्छ हवी होती, बसायला जागा हवी होती, पोळ्याला नारळ फोडताना पाय चिखलात जाऊ नयेत एवढंच हवं होतं. ती मागणी रास्त आहे. कडेला चार फूट सोडून वेगळी फरशी टाकली असती, तरी भागलं असतं, आणि चौथऱ्याला हातही लावावा लागला नसता. हे कुणी त्यांना सांगितलंच नाही.

मिस्त्रीला मी कर्ण दाखवले. टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. ६.१२ वाचलं, मग ५.९८. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बाहेर आलेल्या दगडावर हात फिरवून म्हणाला, "म्हंजे हा चुकला नोयता." आणि कटरची वायर काढून ठेवली. सोमवारपर्यंत काम थांबवतो म्हणाला. त्याच्यावरही वरून दाब आहे, त्यापुढे तो थांबवू शकणार नाही.

म्हणून रविवारी सकाळी ७ वाजता छत्रीवर या, ऊन चढायच्या आत. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम कंगोरा अजून शाबूत आहे, त्याचे छेद १:१ वर काढून घ्यायचेत. कर्ण सहा मीटरच्या वर आहे, म्हणून त्याहून लांब पोलादी टेप ज्याच्याकडे आहे त्यानं आणावा, दोन तरी लागतील. ओळंबा आणि पाण्याची नळी आहे. जाड कागद, २एच पेन्सिल, पुठ्ठा आणि एक शिडी हवी. पूर्वेच्या कापलेल्या दगडाचे तुकडे नाल्यात आहेत, मोठे असतील ते वर आणून क्रमांक घालायचे, म्हणून दोन जणांनी घमेलं आणा. तिघांपेक्षा कमी आलो तर फक्त कर्ण आणि उत्तर बाजू घेऊ.