काळोखी आली म्हणजे चारा सकस झाला असं नाही

'चाऱ्याच्या मक्याला एकरी चार-पाच गोण्या युरिया टाका, काळोखी येते (पानं गर्द हिरवी होतात), प्रथिनं दुप्पट होतात, दूध वाढतं. डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचं खत) असेल तर बाकी काही लागत नाही. शेणस्लरी तर कितीही सोडा.' हा मेसेज दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यानं जनावरं दगावू शकतात.

आधी प्रथिनांचं. युरियातल्या नत्रानं (नायट्रोजननं) प्रथिनं वाढतात हे खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. प्रयोगशाळेत चाऱ्यातलं नत्र मोजून 6.25 ने गुणतात आणि त्याला प्रथिनं म्हणतात. त्यातलं सगळं नत्र काही खरं प्रथिन नसतं. चाऱ्याच्या मक्याला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी युरियाच्या 45 किलोच्या साधारण दोन गोण्या, त्याही हप्त्यानं. पाच गोण्या कशासाठी?

जास्तीचं नत्र धाटात नायट्रेट म्हणून साठतं, सगळ्यात जास्त बुंध्याकडे. पावसानं ताण दिला किंवा आभाळ भरून राहिलं की साठा वाढतो. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी होतं, गाय धापा टाकते, काही तासांत जाते. वाळवून हे विष कमी होत नाही, मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) थोडं उतरतं. ताणानंतर पाऊस झाला तर आठवडाभर कापू नका आणि बुंध्याकडची वीतभर धाटं रानातच सोडा.

स्लरीतलं नत्रही जमिनीत शेवटी नायट्रेटच होतं. 'सेंद्रिय आहे' म्हणून ते सोडत नाही.

डीएपीत गंधक नाही, पालाशही (पोटॅशियम) नाही. गंधकाशिवाय प्रथिनांना लागणारी मेथिओनिनसारखी अमिनो आम्लं बनत नाहीत, मग नत्र नुसतं पडून राहतं. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर (फॉस्फरस) सुमारे 11 टक्के गंधक मिळतं, आणि तरी आपण त्याला हलकं खत समजतो! पालाश कमी पडला की मका लोळतो.

ज्वारीचं वेगळंच. कोवळ्या कडवळानं (चाऱ्याच्या ज्वारीनं) किराळ लागते, ती सायनाइडची विषबाधा. नत्र भरपूर आणि स्फुरद कमी असलेल्या रानात धोका वाढतो. निम्मा फुलोरा येईपर्यंत थांबा. किराळीत रक्त लालभडक दिसतं. किराळीवर दिलं जाणारं सोडियम नायट्राइट हे औषध नायट्रेटच्या विषबाधेत उलट घात करतं. म्हणून डॉक्टरांना फोनवरच सांगा: मका घातला की ज्वारी, आणि युरिया कधी टाकला होता.